नव्या गृहप्रकल्पात सामूहिक परसबाग: आधी माती राखा, मग नकाशा काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या पुढे साडेतीन एकर उसाच्या रानात चार इमारती उठणार आहेत. खाली पार्किंग, वर सात मजले, एकूण 168 फ्लॅट. प्लॅन अजून पास व्हायचा आहे. विकसकाच्या घरातल्या तरुण मंडळींना वाटते की मोकळ्या जागेत नुसते लॉन आणि कारंजे करण्याऐवजी रहिवाशांना भाजीपाला लावता येईल अशी सामूहिक परसबाग द्यावी. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, दोन वर्षांत तिथे काँग्रेस गवत माजेल आणि सोसायटी आपल्यालाच फोन करील. जागा कुठे, किती, चालवायची कोणी, आणि जमिनीवर जमत नसेल तर गच्चीवर करावी का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

वडीलधाऱ्यांची भीती खरी आहे. ओसाड पडलेल्या अशा बागा मी पाहिल्या आहेत. बहुतेकींचे नशीब पहिले रोप लागण्याच्या कितीतरी आधी, जेसीबी रानात उतरला त्या आठवड्यातच ठरलेले होते. म्हणून तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

तुमच्या रानातला वरचा एक फूट थर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखताने, पाचटाने आणि मशागतीने घडलेला आहे. एका एकरावरचा एक फूट थर म्हणजे सुमारे 435 ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). साडेतीन एकरांत ती दीड हजार ब्रासच्या वर जाते. प्रकल्प सुरू होताना आपल्याकडे हीच माती सगळ्यात आधी डंपरने बाहेर जाते, आणि तीन वर्षांनी ताबा द्यायची वेळ आली की मोकळ्या जागेत पायाचा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर चार इंच लाल माती टाकून लॉनचे तुकडे अंथरले जातात. त्या जागी वांगी येत नाहीत. रोप महिनाभर तग धरते, मग मुळे मुरमाला लागतात आणि पाने पिवळी पडतात. रहिवाशाला वाटते आपल्याला जमत नाही, आणि तो परत वाफ्याकडे फिरकत नाही.

तेव्हा पहिले काम: वरच्या थरातली शंभरेक ब्रास माती वेगळी काढून प्लॉटच्या अशा कोपऱ्यात रचा जिथे शेवटपर्यंत काम चालणार नाही. ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती हवेवाचून आंबते. म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर जागा अडकेल. साइट इंजिनिअर कुरकुर करील, करू द्या. पावसाळ्याच्या तोंडावर ढिगावर ताग किंवा धैंचा या हिरवळीच्या पिकांचे बी फेकून द्या. मुळे माती धरून ठेवतात, धूप होत नाही, वर नत्रही मिळते. फुलोऱ्याच्या आधी कापून तिथेच आडवा पाडा. वाफे भरायला यातली पंचवीस-तीस ब्रास पुरते, उरलेली झाडांच्या खड्ड्यांना आणि लॉनला. नंतर बाहेरून "गाळाची माती" म्हणून जे काही विकत मिळते त्यापेक्षा ही कैक पटीने चांगली असते.

एक सावधगिरी मात्र घ्या. उसाच्या रानात ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी यांसारखी तणनाशके मारलेली असतात आणि त्यातल्या काहींचा अंश काही महिने मातीत टिकतो. ऊस तो सोसतो, भाजी सोसत नाही. प्रयोगशाळेत अंश तपासणे महागात पडते. सोपा उपाय म्हणजे त्या मातीच्या चार कुंड्या भरायच्या, दोनांत मेथी, दोनांत घेवडा पेरायचा, आणि शेजारी खात्रीच्या मातीची एक कुंडी ठेवायची. तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांची साधी माती तपासणी तर करायचीच, आणि ती पुन्हा एकदा वाफे भरताना करायची, कारण दरम्यान सिमेंटचे पाणी ढिगात मुरले असेल तर सामू वर गेलेला असतो.

पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडीच्या माळावर ज्यांचे प्रकल्प आहेत त्यांच्याकडे राखायला असा थरच नसतो, बोटभर मातीखाली मुरूम लागतो. त्यांनी वाफे जमिनीवर उचलूनच बांधावेत आणि माती विकत आणावी. आणताना ती कुठल्या रानातली आहे हे विचारावे. नदीकाठच्या काळ्या मळीच्या जमिनीचा प्रश्न उलटा. माती उत्तम, पण पावसाळ्यात पाणी तुंबते. कसबा बावडा किंवा जयंती नाल्याच्या बाजूला 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराचे पाणी जिथे आले होते तिथे बाग करायला हरकत नाही, मात्र पुरात बुडालेली पालेभाजी खायची नाही हा नियम आधीच लिहून ठेवावा. पुराच्या पाण्यात गटारही असते.

आता जागा. युनिफाइड डीसीआर, म्हणजे डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रित बांधकाम नियमावली, हिच्याप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर 10 टक्के मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावी लागते. तुमचे साडेतीन एकर म्हणजे 14,000 चौरस मीटरच्या वर, तेव्हा मोकळी जागा 1,400 चौरस मीटर. त्यातले 300 बागेला द्या, जास्त नको. मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना फिरायला लागणारी जागा खाऊन भाजी लावली तर पहिल्याच सभेत बागेचे शत्रू तयार होतात.

त्या 300 चौरस मीटरांची जागा आर्किटेक्ट कशी ठरवतो हे मला ठाऊक आहे. इमारती, रस्ते, पार्किंग, ट्रान्स्फॉर्मर बसवून झाले की जो तुकडा उरतो तो हिरवा रंगवायचा. हा तुकडा बहुधा इमारतीच्या उत्तरेला येतो. आता हिशेब बघा. कोल्हापूरचे अक्षांश 16.7. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 50 अंश वर असतो. 24 मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला 20 मीटर पडते, आणि तीही बारा-साडेबाराला. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती याहून कितीतरी लांब. आपल्याकडचा भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पाच महिन्यांत तो तुकडा अंधारात.

फसगत होते ती अशी की साइटची पाहणी बहुधा एप्रिल-मे महिन्यात होते. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेचा तुकडा तेव्हा लख्ख उन्हात दिसतो आणि सगळे माना डोलावतात. तेव्हा आर्किटेक्टकडून 21 डिसेंबरची सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशी सावलीची रेखाटने मागून घ्या. कॉम्प्युटरवर तासाभराचे काम आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी अशा फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर, अळू चार तासांवरही येतात. सहा तास कुठेच मिळत नसतील तर फळभाजीचे स्वप्न सोडा. तिथे अळू, गवती चहा, पुदिना, ओवा आणि बसायला कट्टा करा. तेही वाईट नाही.

मला विचाराल तर तुमच्या प्लॉटवर बाग दक्षिणेच्या कुंपणालगत, पण कुंपणापासून थोडी आत असावी, आणि मुख्य जिन्यातून खाली उतरणाऱ्या माणसाला दिसावी. हे दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे. क्लब हाउसच्या मागे, एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) शेजारी असलेल्या बागेत कोणी सहज डोकावत नाही. स्कूटर लावताना नजरेला पडणाऱ्या वाफ्याला पाणी मिळते. दक्षिणेच्या बाजूला शेवग्याखेरीज मोठे झाड लावू नका. शेवगाही एखादाच, वळवाच्या वाऱ्याला त्याच्या फांद्या मोडतात.

वाफा चार फूट रुंद आणि सोळा फूट लांब, म्हणजे सहा चौरस मीटर. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही. उंची दीड फूट. असा एक वाफा भरायला जवळपास एक ब्रास माती-खताचे मिश्रण लागते. कडा जांभ्याच्या किंवा विटांच्या करा. प्लायवूड आणि साधे लाकूड आपल्या पावसात दोन वर्षांत कुजते. वाफ्यांमध्ये दोन-अडीच फुटांची वाट, मधोमध चार फुटांचा एक मोठा रस्ता ढकलगाडी आणि व्हीलचेअर जाईल असा. वाटांवर पेव्हर ब्लॉक घालायचा मोह आवरा. खडी किंवा मुरूम दाबून घेतला की पाणी जिरते आणि चिखलही होत नाही. दोन वाफे अडीच फूट उंच बांधा, गुडघे धरलेल्या आजी-आजोबांसाठी. आमच्या अनुभवात सगळ्यात नेटके वाफे हेच असतात.

तळाशी निचरा हवाच. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. गादीवाफा आणि त्याखाली उतार नसेल तर मिरची, टोमॅटो मर रोग लागून जातात. उलट एप्रिलमध्ये एका चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागते. त्यासाठी दर पंधरा मीटरवर एक नळ, वेगळा मीटर, आणि सुरुवातीपासून ठिबकची मुख्य लाइन टाकून ठेवा. नंतर पेव्हर उखडून पाइप टाकायला कोणतीही सोसायटी पैसे मंजूर करत नाही.

पाण्यावरून वाद होणार हे धरूनच चाला. "प्यायला पाणी नाही आणि ह्यांना वांगी पाहिजेत" हे वाक्य प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतोच. त्याला आकड्यांनी उत्तर द्या. मी पुढे 24 वाफे सुचवणार आहे. त्यांचे क्षेत्र 144 चौरस मीटर, ऐन उन्हाळ्यात रोज सुमारे 720 लिटर. 168 फ्लॅट, घरटी चार माणसे, माणशी 135 लिटर या सरकारी मानकाने धरले तर सोसायटीचा रोजचा वापर 90,000 लिटरच्या वर जातो. बागेचा वाटा एक टक्क्याहून कमी. ज्या हजार चौरस मीटर लॉनबद्दल कोणी तक्रार करत नाही ते रोज पाच हजार लिटर पिते. वाफ्यावर पाचट अंथरले तर पाणी आणखी वाचते. पाचटाला कोल्हापुरात काय तोटा? गळीत हंगामात शेजारच्या रानातून ट्रॉलीभर मिळते. नाहीतर लोक ते पेटवूनच देतात.

एसटीपीचे पाणी वापरावे का, हे हमखास विचारले जाते. झाडांना आणि लॉनला जरूर. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी यांना मी देत नाही आणि कोणाला द्या म्हणत नाही. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी एसटीपी जसा चालतो तसा तो चौथ्या वर्षी चालतोच असे नाही. पावसाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. गच्चीवरचे पाणी बोअरमध्ये मुरवा. त्यावर बाग उन्हाळाभर चालेल एवढी टाकी बांधणे परवडत नाही. आणि उघडे पिंप, बादल्या, अर्धे भरलेले टब बागेत अजिबात नकोत. एका डेंग्यूच्या रुग्णावर अख्खी बाग बंद पडू शकते.

ओल्या कचऱ्याचे आणि बागेचे नाते लोक जरा गोड करून सांगतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरवरच्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले होते, आणि बागेमुळे ते आपोआप सुटेल असे विक्रीच्या माहितीपत्रकात लिहिले जाते. हिशेब तसा बसत नाही. घरटी अर्धा किलो धरला तर 84 किलो ओला कचरा रोज निघतो, त्याचे वर्षाला चार-पाच टन खत होते. तुमच्या 24 वाफ्यांना तीन हंगाम मिळून सव्वा-दीड टन पुरे. उरलेले झाडांना, लॉनला, रहिवाशांच्या कुंड्यांना, आणि तरीही उरले तर शेजारच्या शेतकऱ्याला. खताची व्यवस्था बागेच्या जवळ ठेवा, पण तिची क्षमता आणि खर्च वेगळा धरा. बेडरूमच्या खिडक्यांपासून लांब ठेवा हे सांगायला नको, तरी सांगतो. प्लॅनवर कोणाच्या लक्षात येत नाही.

आता माणसे. इथे कोल्हापूर पुण्या-मुंबईहून वेगळे आहे. परदेशातले दाखले वाचून लोक "घरची ताजी, विषमुक्त भाजी" हा मुद्दा पुढे करतात. तुमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या निम्म्या कुटुंबांचे कागल, करवीर, राधानगरी, पन्हाळ्याकडे रान असणार. तांदळाचे पोते, शेंगा, गूळ, वांगी गावाहून येतात. "गावाकडनं पोतं भरून भाजी येतीय, इथं कशाला माती चिवडायची?" असे तोंडावर ऐकायला मिळेल. त्यांना सहा चौरस मीटरच्या वाफ्यातून होणाऱ्या बचतीची गंमतच वाटते, आणि ती रास्त आहे. त्याच माणसांत निवृत्त शिक्षक असतात, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले शेतकी खात्याचे लोक असतात, आणि गावातले परसू सोडून मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली आई असते. बागेची गरज त्यांना आहे, आणि बागेला त्यांची. शेती त्यांना आर्किटेक्टपेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त कळते. जाहिरात भाजीची करू नका. आजीला सकाळी उतरायला कारण मिळेल एवढे सांगितले तरी ज्याला समजायचे त्याला समजते.

म्हणून 168 फ्लॅटना 24 वाफे. प्रत्येकाला एक द्यायचा अट्टहास नको. जागा 24 ची राखा, पहिल्या वर्षी 16 च बांधा. प्रतीक्षा यादी असलेली छोटी बाग जगते, रिकाम्या वाफ्यांची मोठी बाग मरते. तणाचे बी उडून शेजारच्या वाफ्यात जाते आणि मेहनत करणारा वैतागतो. ब्रिटनमध्ये 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाजीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तिथला परंपरागत तुकडा 10 रॉड, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटरचा. तो एका कुटुंबाची भाजी पिकवायला होता. आपल्याला ते माप कामाचे नाही. सिंगापूरमध्ये सरकारी उद्यानांत जे वाफे भाड्याने देतात ते अडीच मीटर बाय एक मीटर, तीन वर्षांच्या मुदतीने. नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढेच झेपते. तुम्हीही सहा चौरस मीटरचा वाफा दोन कुटुंबांत अर्धा-अर्धा देण्याची सोय ठेवा. एक घर गावाला गेले की दुसरे पाणी घालते.

कागदाची बाजू नीट समजून घ्या, कारण इथे विकसक अडकतात. नियमावलीप्रमाणे सोडलेली मोकळी जागा सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापराची असते. रेरा या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातही उद्याने सामाईक क्षेत्रातच मोडतात आणि ती अखेर सोसायटीच्या नावे करून द्यावी लागतात. तेव्हा "गार्डन प्लॉटसह फ्लॅट" असे विकणे, वाफ्याचा नंबर करारनाम्यात घालणे किंवा त्याचे वेगळे पैसे घेणे यात पडू नका. आज चार फ्लॅट लवकर जातील, उद्या तळमजल्यावरचा माणूस वाफ्याला जाळी मारून कुलूप लावील. वाफा ही सोसायटीने दिलेली मुदतीची वापर-परवानगी असावी, फ्लॅटबरोबर विकली न जाणारी, भाडेकरूलाही मिळू शकणारी. आणि माहितीपत्रकात बाग लिहिली तर ती द्यावीच लागेल. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाले तर रेराच्या कलम 12 खाली भरपाई मागता येते. मंजूर आराखड्यातल्या सामाईक जागा नंतर बदलायच्या तर कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. त्यामुळे कॅटलॉगमधला फोटो परदेशी बागेचा न लावता तुमच्या नकाशातली जागा, वाफ्यांची संख्या आणि नळ एवढेच छापा.

परवानगीचे वर्ष कधी सुरू करायचे हे कोणी विचारत नाही, पण त्यावर बरेच अवलंबून असते. सोसायट्या सवयीने एप्रिल धरतात. त्या महिन्यात नवख्या माणसाच्या हाती वाफा दिला की पहिले दोन महिने तो पाणी घालून थकतो आणि पुढचे तीन पावसात सडलेली रोपे उपटतो. वाफे दसऱ्यानंतर द्या. पाऊस उघडलेला असतो, मातीत ओल असते, मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात काढायला येते. जानेवारीत भोगीच्या भाजीला स्वतःच्या वाफ्यातली वांगी, घेवडा, गाजर आले की ते कुटुंब तीन वर्षे कुठे जात नाही. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. त्याच सभेत यादी वाचून चिठ्ठ्या काढल्या की दसऱ्याचा मुहूर्त साधतो. मुदत तीन वर्षांची ठेवा. मध्ये दोन महिने वाफा पडीक राहिला तर एक सूचना, मग पुढच्या नावाला. हा नियम अध्यक्षांच्या वाफ्यालाही लागू, आणि तो पहिल्यांदा तिथेच लावावा लागतो.

पावसाळ्यात वाफे रिकामे ठेवायचे नाहीत. दोडका, कारले, दुधी मांडवावर चढवले, कडेला अळू, आणि ज्याला काहीच करायचे नाही त्याने ताग पेरावा. गौरी-गणपतीला अळूची मागणी एवढी असते की एकाच वाफ्यातून साऱ्या मजल्यांवर पाने जातात. भेंडी जूनमध्ये लावली तर पांढऱ्या माशीमुळे हळद्या, म्हणजे पाने पिवळी पाडणारा रोग, येतो. रोगाला तोंड देणारे वाण घ्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. पावसाळी गोगलगायी हाताने गोळा करायच्या, दुसरा चांगला उपाय नाही. मावा-फुलकिड्यांना पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. तणनाशक आणि उंदराचे औषध बागेत आणायला सरसकट बंदी हवी. एकाने मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने चार वाफ्यांतले टोमॅटो वाकडे करते, आणि तिथे लहान मुले असतात.

चोरीबद्दल सगळे घाबरतात. भाजी जाते, पण फार नाही. भांडण मात्र मोठे होते, "माझी तीन वांगी कोणी तोडली" यावरून व्हॉट्सॲप ग्रुप तापतो. कॅमेरा लावण्यापेक्षा बागेच्या कडेने सगळ्यांची अशी झाडे लावा: कढीपत्ता, लिंबू, गवती चहा, पुदिना, एखादी पपई. ज्याला वाफा नाही त्यालाही तोडायला काहीतरी मिळाले की दुसऱ्याच्या वाफ्याकडे हात जात नाही. शिवाय वाफा नसलेली 140-150 घरे सभेत बागेच्या बाजूने हात वर करतात, निदान विरोधात तरी नाही.

माळी लागेल. रोजचा नाही, आठवड्यातून तीन सकाळी येणारा, आणि तो लॉन कापणारा नको, भाजी केलेला हवा. ताबा दिल्यापासून पहिले दोन हंगाम त्याचा पगार विकसकाने द्यावा अशी माझी शिफारस असते. सोसायटी नोंदणी, हस्तांतरण, लिफ्टचे करार या गडबडीत पहिले वर्ष बागेकडे कोणी बघत नाही आणि ती नेमकी तेव्हाच मरते. कारंज्याच्या खर्चापुढे दोन हंगामांचा माळी किरकोळ आहे. कारंजे तर तसेही बंदच पडते. त्यानंतर वाफाधारकांकडून वर्षाला थोडे शुल्क घेऊन बियाणे, अवजारे, ठिबकची दुरुस्ती भागवावी. माळ्याचा पगार सर्वसाधारण मेंटेनन्समध्ये जावा, कारण तो कडेची सामाईक झाडेही बघतो. शुल्क शून्य ठेवू नका. फुकट मिळालेला वाफा लोक सोडतही नाहीत आणि कसतही नाहीत.

अवजारांची खोली सहा बाय आठ फूट पुरे. खुरपी, कुदळ, घमेली, झारी, पंप, आणि बाहेर हात धुवायला बेसिन. शेजारी सावलीत कट्टा, म्हणजे शेती न करणारेही येऊन सल्ले देतील. त्यांना थांबवू नका, त्यातले दोघे पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत असतात. अडले तर शेंडा पार्काच्या बाजूला कृषी महाविद्यालय आणि संशोधन केंद्र आहे. वाण कुठला घ्यावा यावर तिथल्या माणसांशी बोललेले बरे.

गच्चीचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर तुमच्या आर्किटेक्टपेक्षा आरसीसी कन्सल्टंटने द्यायचे आहे. वावर असलेल्या साध्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 150 किलो चल भार (माणसे, सामान यांचा) धरून काढतात. दीड फूट माती पावसात भिजली की तिचेच वजन मीटरला 800 किलोच्या घरात जाते. कोकोपीट आणि खताचे हलके मिश्रण नऊ इंच भरले तरी भिजल्यावर 200 च्या वर. आधी बांधलेल्या स्लॅबवर "थोडे वाफे करू" असे करता येत नाही. करायचेच असेल तर आत्ता, डिझाइनच्या वेळी, चारपैकी एका इमारतीच्या गच्चीचा ठरावीक पट्टा जादा भाराचा काढून घ्या, त्याखाली मुळे न शिरणारा थर आणि वॉटरप्रूफिंग करा, आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकांना विक्रीच्या वेळीच सांगा. एरवी त्यांच्या छताला ओल आली की कारण काहीही असो, दोष बागेलाच. एप्रिलमध्ये गच्चीवर वारा आणि ऊन दोन्ही जास्त, पाणी जमिनीपेक्षा दीडपट लागते आणि शेडनेट बांधावे लागते. तुमच्याकडे जमिनीवर जागा आहे. प्लॅन सादर करण्याआधी डिसेंबरच्या सावलीची रेखाटने मागवा. दक्षिणेच्या बाजूला 300 चौरस मीटर सहा तास उन्हात निघत असतील तर गच्ची सोलर पॅनलला सोडा.